टॅटूचा रंग टिकवायचा तर: वाचकांची प्रश्नोत्तरे

केळीच्या बागेत काम करतो. दीड वर्षापूर्वी हातावर काढलेला काळा टॅटू आताच राखाडी दिसतो. शाई हलकी होती का? (रावेर)

शाईला दोष देण्याआधी ऊन बघा. शाई त्वचेच्या वरच्या थरात नसते, त्याखालच्या थरातल्या पेशींनी धरून ठेवलेली असते. उन्हातले अतिनील किरण तिथवर पोहोचून रंगाचे कण फोडतात आणि बारीक झालेले कण शरीर वाहून नेतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे उघडा हात किती दिवस तग धरणार? पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा सुती शर्ट हा पहिला उपाय. सनस्क्रीन त्यानंतर.

तेही एसपीएफ ५० चं, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी, दोन्ही अतिनील किरण अडवणारं) लिहिलेलं घ्या. चूक होते ती मापात. वाटाण्याएवढं सनस्क्रीन अख्ख्या हाताला फासलं तर डब्यावर लिहिलेलं संरक्षण मिळतच नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढा. तेवढं एका हाताला लागतं. बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. घाम पुसला असेल तर त्याआधीच.

केळीचा चीक लागला तर रॉकेलने घासू नका. आधी तेल चोळा, मग साध्या साबणाने धुवा. गेलेला रंग मात्र क्रीमने परत येत नाही, त्यासाठी टचअपच करावा लागेल, म्हणजे त्याच रेघांत पुन्हा शाई भरून घ्यावी लागेल.

मेडिकलवरून आणलेलं गोरेपणाचं क्रीम लावल्यावर टॅटू उठून दिसतो. रोज लावू का? (अमळनेर)

आजच थांबवा. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पट्टे पडतात. बरेच दिवस लावत असाल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लिंबूही नको, त्याने उन्हात त्वचा भाजते.

टॅटू उठून दिसायला ओलावा पुरतो. अंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, अंग दमट असतानाच, ग्लिसरीन असलेलं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. झोपताना पुन्हा एकदा.

आजीचं गोंदण निळं-हिरवं पडलंय. पुन्हा काळं होईल? (नंदुरबार)

नाही. गोंदणात भरलेल्या काजळीचा रंग काळाच असतो, पण कातडीच्या थरातून बघताना तो निळसर भासतो. रेघाही वर्षानुवर्षं पसरत जातात. आजींच्या हाताला मॉइश्चरायझर लावा, कोरडी पापुद्र्यांची कळा जाऊन गोंदण स्पष्ट दिसेल.

पाच दिवसांपूर्वी यात्रेत टॅटू काढला. खपल्या धरल्यात, खाज येते. सनस्क्रीन लावू? (धुळे)

आत्ता नको. खपल्या पडून वरची चकाकी जाईपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार आठवडे, सैल कपड्यानेच झाका. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने, गार पाण्याने धुवा. दुपारी टाकीचं पाणी तापलेलं असतं, ते घेऊ नका. स्वच्छ कापडाने टिपा, पुसू नका. तळहाताएवढ्या टॅटूला चण्याएवढं मलम पुरे. जाड थर दिला की खपली भिजून रंगासकट निघते. खाजवायचं नाही, वरून हलकं थोपटा. तापीत पोहणं बंद.

लाली पसरली, पू आला किंवा ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सुई नवी पाकिटातून काढलेली तुम्ही पाहिली नसेल, तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या कधी करायच्या तेही त्यांना विचारा. रक्तदान मात्र वर्षभर करता येणार नाही.