पहिली गाळणी साधीच घ्या

दार्जिलिंग चहाच्या सुट्या पानांचं पाकीट आणलंत आणि आता गाळणी घ्यायचीय, छान! फक्त तो साखळीचा, पानं आत भरून कपात बुडवायचा जाळीदार गोळा घेऊ नका. पानं भिजून फुगतात, त्यांना जागा लागते. माझ्या पहिल्या गोळ्यात मधली पानं कोरडीच राहायची. एकदा तर कडी सुटून सगळा चोथा कपात.

कपाच्या काठावर बसणारी, जवळजवळ तळापर्यंत जाणारी स्टीलची खोल जाळी घ्या. उजेडाकडे धरून बघा, भोकं बारीक हवीत. माशा-बिशांच्या आकाराच्या सिलिकॉनच्या गाळण्या दिसायला गोड, धुताना वैताग.

खरं तर झाकणाचं पातेलं आणि घरातली रोजची गाळणीही चालते.

चुका दोनच:
- आपल्या चहासारखी पानं उकळणं.
- जाळी कपातच विसरणं. ३ मिनिटं झाली की बाहेर!