रोष ‘ओढवून घेतला’ की ‘पत्करला’?

एका वाचकाने लेखातलं एक वाक्य पाठवलं आहे: ‘२००३ मध्ये डिक्सी चिक्स या अमेरिकन गायिकांनी इराक युद्धाविरुद्ध बोलून श्रोत्यांचा रोष ओढवून घेतला.’ त्यांच्या मैत्रिणीचा आक्षेप असा की या वाक्यात सगळा दोष गायिकांच्या माथी जातो. वाचकाचं म्हणणं, हा तर वर्तमानपत्रांतला रोजचा शब्दप्रयोग, त्यात कुठला आला दोष?

मैत्रिणीचं बरोबर आहे. रोजचा असल्यामुळेच तो प्रयोग आपल्या कानाला खटकत नाही.

‘प्रसंग ओढवला’, ‘नामुष्की ओढवली’ म्हणताना आपण कोणालाच जबाबदार धरत नाही. यायचं ते आलं. त्याला ‘घेणे’ जोडलं की चित्र बदलतं. छत्री न घेता बाहेर पडलेल्या नातवाला आजी म्हणते, “भिजलास आणि ताप ओढवून घेतलास!” काळजी आहेच, पण तापाचं खापर नातवावर फुटलेलं आहे. मराठीत ‘घेणे’ हे सहायक क्रियापद केल्या कामाचं फळ करणाऱ्याच्या पदरात टाकतं. ‘शिकून घेतलं’, ‘जेवून घेतलं’ यांत ते फळ चांगलं असतं. ‘बोट कापून घेतलं’, ‘वाटोळं करून घेतलं’ म्हटलं की तेच ‘घेणे’ बोल लावतं. म्हणून ‘रोष ओढवून घेतला’ हे वाक्य वाचणाऱ्याच्या मनात नकळत उमटतं, ‘कशाला बोलायला गेल्या?’ चिडणाऱ्यांनी काय काय केलं, हा प्रश्न मागेच राहतो.

त्यांनी काय केलं, ते थोडं जवळून पाहू. १० मार्च २००३, लंडनचं शेफर्ड्स बुश एम्पायर हे सभागृह. इराकवर हल्ला व्हायला दहा दिवस होते. दोन गाण्यांच्या मधल्या बोलण्यात या तिघींच्या गटाची मुख्य गायिका नॅटली मेन्स म्हणाली की आम्हांला हे युद्ध, ही हिंसा नको आहे, आणि अमेरिकेचे अध्यक्ष टेक्ससचे आहेत याची आम्हांला लाज वाटते. ती स्वतः टेक्ससमधल्या लबकची. लाज आपल्याच माणसाची वाटते, परक्याचा फार तर राग येतो. घराण्याला लाज आणलीस, हे आपण घरातल्यालाच सुनावतो ना? तिच्या वाक्यातलं हे आपलेपण मायदेशी कोणी ऐकूनच घेतलं नाही. कंट्री संगीत, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेलं लोकप्रिय संगीत, लावणाऱ्या रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी काढून टाकली. त्या वेळी कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं त्यांचं ‘ट्रॅव्हलिन सोल्जर’. व्हिएतनामहून परत न आलेल्या एका पोरसवदा सैनिकाचं ते गाणं, आणि सैनिकांचा अपमान झाला म्हणून तेच घसरलं! लुइझियानात त्यांच्या जमवलेल्या सीडींवरून ट्रॅक्टर फिरवला. हे आठवलं की अजूनही माझ्या पोटात कालवतं.

मग ‘रोष पत्करला’ म्हणावं का? ‘पत्करणे’ मला फार आवडतं. समोर काय वाढून ठेवलंय ते ठाऊक असताना हो म्हणणं त्यात आहे: धोका पत्करला, गरिबी पत्करली, वडिलांशी वैर पत्करलं पण शब्द मोडला नाही. पण मार्च २००३ साठी हे क्रियापदही मी वापरणार नाही. ते वाक्य ओघात निघालेलं होतं. १४ मार्चला तर मेन्सने अध्यक्षपदाचा अनादर झाला म्हणून माफीही मागितली. तेव्हा काही पत्करलेलं नव्हतं, रोष ओढवला होता. ‘पत्करला’ची खरी जागा २००६ मध्ये आहे. त्या वर्षी तिने माफी जाहीरपणे मागे घेतली, आणि जुळवून घ्यायची आपली तयारी नाही असं सांगणारं ‘नॉट रेडी टू मेक नाइस’ हे गाणं तिघींनी आणलं. कंट्री केंद्रं पुन्हा दारं लावणार हे त्यांना पुरतं माहीत होतं. हे पत्करणं. (२००७ मध्ये त्यांना पाच ग्रॅमी मिळाले.)

‘रोषाला सामोरं जावं लागलं’ हा पर्याय सुचेल, पण ‘सामोरं जाणे’ आपण वापरून वापरून गुळगुळीत केलंय. गावाच्या वेशीवर पालखीला सामोरं जातात, म्हणजे आपणहून चार पावलं पुढे होतात. ‘जावं लागलं’ जोडलं की ती पावलंच नाहीशी होतात. जुलै २००३ मध्ये डॅलसच्या कार्यक्रमात मेन्सला गोळी घालू अशी तारखेसह धमकी आली होती. त्या तारखेला तिघी तिथे जाऊन गायल्या. तिथे खुशाल लिहा, ‘धमकीला सामोऱ्या गेल्या.’

तुमच्या पुढच्या वाक्यात ‘गाण्यांवर बंदी आली’ असं आहे. नुसतं ‘बंदी’ म्हटलं की आपल्याला सरकार दिसतं, आणि इथे सरकारी हुकूम नव्हता. क्युम्युलस या कंपनीने आपल्या कंट्री केंद्रांवर ती गाणी महिनाभर लावू दिली नाहीत. त्यावरून अमेरिकी सेनेटच्या समितीत सेनेटर जॉन मकेन यांनी कंपनीच्या प्रमुखाला जाब विचारला. तेव्हा कोणी बंद केलं ते नाव घेऊन लिहा. सीडी फेकणाऱ्या श्रोत्यांसाठी ‘बहिष्कार’ चालेल. ‘वाळीत टाकलं’ हे जातीबाहेर काढण्याचं क्रियापद. ज्या घराशी गावाने विस्तव आणि पाण्याचाही व्यवहार तोडला, त्यांचं दुःख त्यात आहे. महाराष्ट्राला त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. तो शब्द एरवी सढळ हाताने वापरू नये असं माझं मत. पण कंट्री संगीतवाले स्वतःला एक कुटुंब म्हणवतात आणि या तिघींना त्यांनी त्या कुटुंबाबाहेर काढलं, म्हणून इथे तो मला चुकीचा वाटत नाही.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं करेन: ‘२००३ मध्ये डिक्सी चिक्स इराक युद्धाविरुद्ध बोलल्या, तेव्हा कंट्री संगीताचे श्रोते त्यांच्यावर उलटले आणि रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी लावणं बंद केलं.’ गटाचं नाव २०२० पासून नुसतं ‘द चिक्स’ आहे, तेही कंसात द्या. आणि लेखात दोन ठिकाणी ‘ओढावून’ झालंय, ते ‘ओढवून’ करा.