फिंचचे बोट काळे पडले आहे आणि कॅनरीच्या पायांवर जाड खवले आले आहेत, काय लावावे?

आपल्या झेब्रा फिंच मादीचे एक बोट सुजून काळपट पडले आहे, ती पाय पोटाशी ओढून बसते, आणि शेजारच्या पिंजऱ्यातील कॅनरीच्या पायांवरचे खवले जाड होऊन उचलले गेले आहेत. दोघांनाही खोबरेल तेल लावावे का, असे आपण विचारले आहे. ही दोन दुखणी अगदी निराळी आहेत आणि तेलाने त्यांपैकी एकही बरे होणार नाही. फिंचच्या बाबतीत आधी बोटाच्या मुळाशी धागा अडकला आहे का, हे पाहावे.

आपल्या किनारपट्टीवर फिंचना करवंटीचे घरटे आणि आत नारळाच्या सोडणाचा (सालीचा) काथ्या देणे सोपे व स्वस्त असते, आणि नेमका तोच काथ्या बोटांभोवती गुंडाळला जातो. (गोणपाटाचे धागे आणि कापूसही तितकेच वाईट.) धागा आवळला की रक्तप्रवाह अडतो, बोट सुजते, आणि सुजेत धागा इतका रुततो की वरून फक्त एक बारीक खाच दिसते, म्हणून चांगल्या उजेडात, भिंगाखाली पाहणे आवश्यक आहे. एकाने पक्षी सुती फडक्यात अलगद धरावा, मात्र छातीवर दाब येऊ देऊ नये, कारण पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते आणि छातीचे हाड हलले नाही तर त्यांना श्वासच घेता येत नाही. दुसऱ्याने कोमट सलाइनने जागा ओली करून बोथट सुईने धागा उचलावा आणि लहान कात्रीने कापावा. धागा कातडीत शिरलेला असेल तर कोरत बसू नये. झेब्रा फिंचचे वजन जेमतेम १२ ग्रॅम, म्हणजे अंगातले सगळे रक्त सुमारे १ मिलिलिटर. त्यातले चार-पाच थेंब जाणेही थोडे नव्हे. बोट पूर्ण काळे व कोरडे झाले असेल तर ते बहुधा आपोआप गळते आणि उरलेल्या बोटांवर पक्षी नीट बसतो, परंतु त्याच्या वरचा पाय सुजलेला किंवा ओलसर असेल तर पशुवैद्यकाकडे न्यावेच लागेल. पुढे घरट्यात सुके गवत द्यावे, किंवा काथ्या अगदी आखूड कापून द्यावा.

कॅनरीचे लक्षण खवल्यांखाली बिळे करणाऱ्या सूक्ष्म माइटचे (गोचिडीसारख्या परजीवीचे) दिसते. त्यावर आयव्हरमेक्टिन हे परजीवीनाशक औषध चालते, पण गुरांच्या औषधांच्या दुकानात मिळणारी इंजेक्शनची बाटली आणून थेंब टाकण्याचा मोह कृपया टाळावा. नेहमीची मात्रा वजनाच्या किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे, म्हणजे २० ग्रॅमच्या कॅनरीला ०.००४ मिलिग्रॅम. बाटलीतल्या एक टक्क्याच्या त्या द्रावणाच्या एका थेंबात सुमारे ०.५ मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे शंभरपटीहून अधिक. योग्य प्रमाणात पातळ करणे पशुवैद्यकाचे काम आहे. साधारण दोन आठवड्यांनी मात्रा पुन्हा द्यावी लागते, त्याच पिंजऱ्यातील सर्व पक्ष्यांना द्यावी लागते, आणि लाकडी दांड्या बदलाव्या लागतात. नव्या दांड्या पेरूच्या, कमी-अधिक जाडीच्या फांद्यांच्या असाव्यात, कारण एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर सतत बसून तळपायाला फोड येतात. खवल्यांऐवजी पायांवर, पापण्यांवर किंवा चोचीच्या कडेला गाठी व खपल्या दिसल्या तर मात्र पक्ष्यांच्या देवी या रोगाचा (पॉक्सचा) संशय घ्यावा. हा विषाणू डासांमार्फत पसरतो, त्यावर नेमके औषध नाही, आणि आपल्या पावसाळ्यात पिंजऱ्याला मच्छरदाणी लावणे हाच खरा उपाय आहे.

माणसांची स्टेरॉइड असलेली मलमे आणि बधिर करणारी मलमे दोघांनाही लावू नयेत. खोबरेल तेल विषारी नाही, पण ते पिसांना लागले की पिसांची ऊब जाते, आणि आजारी पक्ष्याला तेच परवडत नाही.

फिंच मादी असल्यामुळे एक गोष्ट वेगळी सांगतो. ती अचानक दोन्ही पायांनी लुळी पडून पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली, तर तो पायाचा आजार न समजता अंडे अडकल्याचा संशय घ्यावा, कारण अडकलेल्या अंड्याचा दाब पायांच्या नसांवर येतो. तिला तीस अंशांच्या आसपास उबेत ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. कॅल्शियमसाठी समुद्रफेस आपल्या किनाऱ्यावर फुकट मिळतो. तो काही दिवस पाणी बदलत भिजवून, उन्हात वाळवून पिंजऱ्यात अडकवावा.

तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गुरेच येतात, त्यामुळे जाण्यापूर्वी पक्षी पाहतात का ते फोनवर विचारावे आणि सोनाराच्या काट्यावर ग्रॅममध्ये केलेले वजन सोबत न्यावे.