कंपनीने सिबिल मागितलं, होम लोन अडकेल का?

ताई, तुमची मेल वाचली. मुलगा पुण्यात आयटीत आहे, पुनावळ्यात टू बीएचके बुक केलाय, लोन सँक्शन झालंय पण डिसबर्समेंट, म्हणजे बँकेने पैसे देणं, बाकी, आणि नेमकी आत्ताच नवी ऑफर आली. नव्या कंपनीचा क्लायंट बँक आहे म्हणून बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये सिबिल रिपोर्टही, म्हणजे कर्ज-कार्डाच्या परतफेडीची नोंद, मागितलाय. तुम्हाला वाटतंय की कंपनीने रिपोर्ट बघितला की स्कोर पडणार.

नाही पडत. आपण लोनसाठी नाहीतर कार्डासाठी अर्ज करतो आणि ती बँक रिपोर्ट काढते, तिला हार्ड इन्क्वायरी म्हणतात, तिने स्कोर थोडा हलतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढला तर काहीच होत नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सिबिलसारख्या, अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एक रिपोर्ट फुकट मिळतो. तर मुलाने स्वतः लॉगिन करून पीडीएफ काढावा आणि तोच द्यावा, व्हेरिफिकेशन करणाऱ्या एजन्सीवाल्याने फोनवर ओटीपी मागितला तर अजिबात देऊ नये. पत्ता, डिग्री, पोलीस व्हेरिफिकेशन यांचा तर सिबिलशी काही संबंधच नाही.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते, जी तुम्ही एका ओळीत उरकलीत, म्हणजे नोकरी बदलण्याची. बँकेने लोन दिलंय ते जुन्या कंपनीच्या सॅलरी स्लिपा आणि फॉर्म १६ बघून. चेक द्यायच्या आधी बँकेने एचआरला फोन केला आणि तिकडून "तो नोटीस पिरियडवर आहे" असं उत्तर आलं की फाइल थांबली म्हणून समजा, मग नव्या कंपनीच्या दोन-तीन स्लिपा आणा, प्रोबेशन आहे का ते सांगा, सगळं परत. लपवून ठेवू म्हणाल तर तेही नको, पीएफच्या रेकॉर्डला सोडल्याची तारीख येतेच.

त्यात बऱ्याच कंपन्या व्हेरिफिकेशन जॉइन झाल्यावर करतात, म्हणजे इकडे राजीनामा दिलेला, तिकडे व्हेरिफिकेशन अडकलेलं आणि लोनही लटकलेलं, असे हाल मी एका मुलाचे बघितलेत. म्हणून नव्या एचआरला आत्ताच मेल टाकायला सांगा की व्हेरिफिकेशन आधी पूर्ण करा, मग मी राजीनामा देतो. मागायला लाजू नये, फार तर नाही म्हणतील.

आणि हो, नव्या सॅलरी अकाउंटबरोबर क्रेडिट कार्ड गळ्यात मारतात ते आत्ता घेऊ नये, ईएमआयवर फोनही नको, त्यानेही हार्ड इन्क्वायरी होते.

रिपोर्टमध्ये बंद केलेल्या कार्डाची थकबाकी वगैरे दिसली तर ब्युरोकडे लगेच तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लावावा लागतो, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई असते, पण तुमच्याकडे तेवढे दिवस आहेत का हा प्रश्न आहे. सँक्शन लेटरवर व्हॅलिडिटीची तारीख असते ती आजच बघा, जॉइनिंग पुढे ढकलायचं की डिसबर्समेंट आधी उरकायचं ते त्यावरच ठरेल.