वाहतूक भत्त्याला 'अंतर बसत नाही' म्हणाले तर: पावसाळ्यातली वाट मोजा आणि लेखी घ्या

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. तुमच्या वाड्यावरची, म्हणजे वस्तीवरची, सरकारी प्राथमिक शाळा पट कमी म्हणून बंद झाली. दुसरीतल्या धाकटीला व्हाळापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) गावच्या शाळेत घातलं, थोरला पाचवीला हायस्कुलात गेला. बालरथ, म्हणजे सरकारी अनुदानातली शाळेची बस, तिठ्यापर्यंतच येतो, आणि वाहतूक भत्त्याचं विचारायला गेलात तर 'तुमचं अंतर बसत नाही' म्हणून वाटेला लावलं. तुमचा गोव्यातला सत्तरी तालुका, माझा तालुका वेगळा, पण हे वाक्य मी अगदी याच शब्दांत ऐकलेलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वकील नाही, शिक्षण खात्यातही नाही. शाळा व्यवस्थापन समितीवर काही वर्षं काढलेला पालक आहे. नियम आणि दर बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी चालू वर्षाचं परिपत्रक मुख्याध्यापकांकडून बघून घ्या.

बालरथ, कदंबचा (राज्य परिवहनाच्या बसचा) सवलतीचा पास आणि समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शाळा योजनेतला वाहतूक भत्ता यांतला फरक इथे सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालतो. एवढंच लक्षात ठेवा की बालरथाचा पैसा शाळेकडे जातो, पासाची सवलत तिकिटात मिळते आणि भत्ता मुलाच्या बँक खात्यात येतो. त्यामुळे थोरल्याचं गाऱ्हाणं हायस्कुलाच्या व्यवस्थापनाकडे आणि धाकटीचं शिक्षण खात्याच्या वाटेने, असे दोन वेगळे अर्ज करा. एकाच कागदावर दोन्ही लिहिलंत तर तो कागद दोन टेबलांच्या मधेच पडून राहतो.

आता मुद्द्याचं, ते अंतराचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी हद्द आहे, आणि ती चालत जाण्याच्या अंतराची आहे. कचेरीतला माणूस फक्त तो 'एक' आणि 'तीन' सांगतो. त्याच नियमात पुढे लिहिलंय की जिथे वाट अवघड आहे, पूर येतो, दरड कोसळते, रस्ता नाही, लहान मुलांना धोका आहे, तिथे ही हद्द कमी करायची. आणि लहान वाड्यांवरच्या मुलांना हद्दीत शाळाच नसेल तर मोफत वाहतुकीसारखी सोय सरकारने करायची. हे वाक्य अर्जात जसंच्या तसं उतरवा. माझ्या अनुभवात ते वाचल्यावर समोरच्याचा आवाज थोडा खाली येतो.

आमच्या वाड्यावरून उन्हाळ्यात शाळा एक किलोमीटरच्या आत आहे, हे खरं. बागायतीतून पायवाट, मग व्हाळावरचा साकव (फळ्यांचा छोटा पूल), की पलीकडे शाळेचं कुंपण. पण मृग लागला की साकवाच्या फळ्यांवर शेवाळ धरतं, आषाढात पाणी फळ्यांना लागतं आणि जोराचा पाऊस झाला की साकव दिसतच नाही. गणेशचतुर्थी होईपर्यंत कुठलीही शहाणी आई पोराला त्या वाटेने पाठवत नाही. मग उरतो डांबरी रस्ता. तो देवळाला वळसा घालून, मोठ्या पुलावरून, तीन किलोमीटरच्या वर जातो. शाळेचं वर्ष जूनला सुरू झालं की पहिले तीन-चार महिने मुलांचं अंतर हेच. हजेरी त्याच महिन्यांत पडते आणि सुटलेला अभ्यास पुढे वर्षभर भरून येत नाही.

हे सांगायला मी ज्या कचेरीत गेलो तिचं नाव घेत नाही. तिथल्या बाबूंनी खिशातून मोबाईल काढला, नकाशा उघडला, वाड्यावर एक बोट ठेवलं, शाळेवर दुसरं, आणि म्हणाले, "आठशे मीटर. बसत नाही." त्या दोन बोटांच्या मधे व्हाळ होता. तो नकाशावर निळी बारीक रेघ म्हणून दिसतही होता. मी रेघेवर बोट ठेवून दाखवलं, पुराचे फोटो दाखवले. उत्तर आलं, "दाखला आणा."

इथून पुढे जे झालं त्याचा मला आजही संताप येतो. पंचायतीचा दाखला नेला तर म्हणाले, अंतराचा दाखला अभियंत्याचा लागतो. तो मिळवून नेला तर त्यावर शाळेचा यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) नाही. क्रमांक घालून नेला तर ज्यांच्याकडे द्यायचा ते चतुर्थीच्या रजेवर. ते आले तोवर साहेबांची बदली. यातलं काहीही त्यांनी कागदावर दिलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दर वेळी 'कागद अपुरे आहेत, म्हणून आवक करता येत नाही', म्हणजे नोंदवहीत घेता येत नाही, असं सांगून अर्ज परत हातात दिला. पुढे वर तक्रार केली तेव्हा आलेलं उत्तर होतं की सदर वाड्यावरून असा कुठलाही अर्ज या कार्यालयास प्राप्त झालेला नाही. नोंदवहीच्या दृष्टीने ते खरंच होतं. तोवर पुढच्या वर्षाचा समग्र शिक्षाचा आराखडा राज्य पातळीवर पर्वरीला गेला होता आणि त्यात आमच्या वाड्याचं नाव नव्हतं.

एक अख्खं वर्ष गेलं. शेजारची मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिचे आईवडील दोघंही काजूच्या फॅक्टरीत, पहाटे घर सोडणारे. त्यांनी तिला फोंड्याला मावशीकडे ठेवली. आठ वर्षांचं पोर आईपासून लांब राहिलं, कारण कुणीतरी एक कागद नोंदवहीत घ्यायला तयार नव्हतं. भत्त्याची रक्कम तरी किती? केंद्राच्या चौकटीत एका मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत. यासाठी ही पायपीट.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. अर्ज हातात घेऊन कचेरीत उभं राहू नका. आधी आवक, मग चर्चा. आवक घेत नाहीत असं दिसलं तर वाद न घालता बाहेर या आणि तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा, ईमेलही करा. कागद अपुरे असतील तर त्यांनी तसं लेखी कळवावं. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणं अवघड जातं, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. आणि तुमची पोरगी त्या नोंदवहीत दिसलीच पाहिजे.

दुसरं म्हणजे अर्ज एकट्या आईचा किंवा बापाचा नको. शाळा व्यवस्थापन समिती ही कायद्यातली समिती आहे. तिच्यात पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि शाळा विकास आराखडा करणं हे तिचंच काम आहे. समितीची बैठक लावा, ठराव घ्या: अमुक वाड्यावरची अमुक इतकी मुलं, पावसाळ्यातली वाट कुठली, अंतर किती, वाहतुकीची गरज कुठल्या महिन्यापासून. मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन मोटारसायकलच्या मीटरवर दोन्ही वाटा मोजा आणि दोन्ही आकडे ठरावात घाला. उन्हाळ्याचं अंतर लपवू नका. लपवलं की तेवढंच धरून सगळा अर्ज खोटा ठरवतात. साकवाचा फोटो तारखेसकट जोडा, फोटोत मागे शाळा दिसली तर उत्तम.

वेळेचं सांगतो, कारण बहुतेक पालक जूनमध्ये धावतात आणि तेव्हा पैशाचं सगळं ठरून गेलेलं असतं. समग्र शिक्षाचा पैसा केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असा येतो. त्यासाठी राज्याने वार्षिक आराखडा करून दिल्लीच्या प्रकल्प मान्यता मंडळापुढे ठेवावा लागतो. नव्या आर्थिक वर्षाचा आराखडा साधारण हिवाळ्यात गोळा होतो. म्हणून चवथ संपली की कामाला लागा आणि नाताळच्या सुट्टीआधी ठराव आत जाऊ दे. त्या मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर राज्यवार असतात. गोव्याचं उघडा आणि वाहतुकीच्या शीर्षाखाली किती मुलं आणि किती रक्कम मान्य झाली ते स्वतः वाचा. मग कचेरीत 'असं काही येतच नाही' कुणी सांगू शकत नाही. आराखड्यात कुठले वाडे कळवले होते ते हवं असेल तर माहिती हक्काखाली दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर.

तरीही हलले नाहीत तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ आहे. लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, तीन महिन्यांत निर्णय, त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. आम्ही दुसऱ्या वर्षी ही तक्रार स्पीड पोस्टाने टाकली. तिच्यावर निर्णय यायच्या आधीच त्याच कचेरीतून फोन आला की तुमचे कागद घेऊन या. जुनेच कागद होते, फक्त तारीख नवी घातली. अंतर तेव्हा बसलं!

थोरल्याचं थोडं वेगळं आहे. आपल्याकडे प्राथमिक चौथीपर्यंत आणि पाचवीपासून हायस्कूल, त्यामुळे पाचवीच्या मुलाला सर्रास तीन किलोमीटरची फूटपट्टी लावतात. नमुना नियमांत पाचवी एक किलोमीटरच्या गटात आहे. निदान माझं वाचन तरी तसं आहे. हे अर्जात ठळक लिहा. आणि पुढे नववी-दहावीला शिक्षण हक्क कायदा संपतो म्हणून घाबरू नका, २०२१ नंतर समग्र शिक्षात वाहतुकीची तरतूद माध्यमिकपर्यंत नेली आहे.

बालरथाबद्दल मात्र चालकाशी किंवा सहायक बाईशी भांडू नका. अनुदान वर्षाला एका गाडीमागे ठरलेलं असतं, आणि त्यातच त्या दोघांचा पगार, डिझेल, विमा, दुरुस्ती. फेरी दोन किलोमीटरने वाढवली की व्यवस्थापनाच्या पोटात गोळा येतो. या चालक-सहायकांना स्वतःच्या पगारासाठी वेळोवेळी आंदोलनं करावी लागली आहेत. माझं स्पष्ट मत आहे की हे अनुदान गाडीमागे न देता धावलेल्या किलोमीटरमागे द्यायला हवं, मग आडवाटेचे वाडे शाळेला जड वाटणार नाहीत. आज तुमच्या हातात आहे ते एवढंच: गाडी वळवायला जागा कुठे आहे ते दाखवा. 'रस्ता अरुंद आहे' या कारणाखाली बहुतेकदा हीच अडचण असते. आमच्याकडे एका शेजाऱ्याने खळ्याची कड मोकळी करून दिली आणि बालरथ आत यायला लागला.

मुलांना ने-आण करायला ओमनी व्हॅन ठरवलीय असं पोस्टमध्ये म्हणता, त्यावरही दोन शब्द. भत्ता पूर्ण मिळाला तरी शाळेच्या दहा महिन्यांत महिन्याला ६०० रुपये पडतात, ओमनीचं भाडं त्यात निघत नाही. पण वाड्यावरच्या सात-आठ मुलांचा भत्ता एकत्र केला तर जमतं, तेव्हा सगळ्यांची नावं एकाच ठरावात हवीत. गाडीत मुलं कोंबू देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसबद्दल १९९७ मध्येच सांगितलंय की चालकाला अवजड वाहनाचा पाच वर्षांचा अनुभव हवा, बसमध्ये प्रथमोपचार पेटी हवी, वेगनियंत्रक हवा. ओमनीला हे सगळं लागू करता येणार नाही, पण परवाना, विमा आणि फिटनेस तेवढे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

बँक खातं मुलीच्या नावाने आणि आधारला जोडलेलं असू दे. नावाचं इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या रजिस्टरात, आधारवर आणि पासबुकात एकच आहे ना, ते आजच ताडून बघा. आमच्याकडे गावकर आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं निघालं आणि मंजूर झालेला पैसा परत गेला होता. वाड्यावर कुणी दिव्यांग मूल असेल तर त्याचा अर्ज वेगळा करा, त्याच्यासाठी अंतराची अट धरून बसू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये वाहतुकीची सोय स्वतंत्रपणे सांगितली आहे, आणि जास्त आधार लागणाऱ्या मुलाच्या सोबत्याचीही.

एक राहिलंच. तुमची शाळा बंद करून मुलं पुढच्या गावात पाठवली, त्याचा लेखी आदेश असणार. तो मिळवा. त्यात वाहतुकीबद्दल एक ओळ जरी असली तर अंतराचा सगळा वाद सोडा आणि त्या ओळीवरच अर्ज करा. नसली तर ती का नाही हे विचारणारं पत्र समितीतर्फे आधी जाऊ दे. मराठी प्राथमिक शाळा एकेक करून बंद होताहेत, आणि वाड्यावरच्या मुलांनी पुढे जायचं कसं हे शाळेला कुलूप लावायच्या आधी ठरलं पाहिजे.

धाकटीच्या शाळेची व्यवस्थापन समिती या वर्षी नेमली गेलीय का, आणि तुमच्या वाड्यावरून एकूण किती मुलं तिकडे जातात, तेवढं कळवा. ठरावाचा मसुदा माझ्याकडे आहे, नावं काढून इथेच टाकतो.