कांदा-लसूण, केळी खाऊन कोलायटिसच्या गोळ्या सुटतात का?

तुम्ही विचारलंय, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे, प्रीबायोटिक, म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाद्य, खाऊन गोळ्या बंद करू का. नका करू. मी केल्या होत्या, म्हणून लिहितोय.

आजार जुना, पण तेव्हा दीड वर्ष रक्ताचा थेंब नव्हता. कोल्हापुरात राजारामपुरीत चहा घेता घेता आमच्या दाजींनी मनावर घेतलं. "गोळ्यांनी आतडी जळत्यात. आतल्या चांगल्या जंतूंना खायला घाल, बाकी ते बघून घेत्यात." दुसऱ्या दिवसापासून आई पहाटे ताटलीत लसणाच्या सहा पाकळ्या सोलून ठेवू लागली. जेवताना बुक्कीनं फोडलेला कांदा, संध्याकाळी कच्च्या केळ्याची भाजी नाहीतर मटकीची उसळ. मेसालामाईन, म्हणजे सूज दाबून ठेवणारी माझी रोजची गोळी, कपाटात. आठवड्यात पोट ढोलासारखं फुगलं. अठराव्या दिवशी रक्त, मग दिवसाला चौदा वेळा. गंगावेशीत रिक्षा थांबवून एका अनोळखी घरात संडास मागितला. त्या मावशींनी काही न विचारता दार उघडलं आणि बाहेर पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. नंतर स्टिरॉइड, हिमोग्लोबिन 7.

दाजी आजही म्हणतात, गोळ्या सोडल्यानं झालं, लसणाचा काय दोष? असेल. पण सोड म्हणालं कोण?

त्यांचं शास्त्र अर्धं बरोबर आहे. जंतू कांदा-लसणातला चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याचं अस्तर मुख्यतः त्यावर जगतं. पण तेवढ्यानं भडकलेला आजार विझत नाही. क्रोन्सच्या (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) 103 रुग्णांवर 2011 मध्ये ब्रिटनमधली चाचणी छापून आली. निम्म्यांना 4 आठवडे रोज 15 ग्रॅम फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, म्हणजे कांदा-लसणातलाच प्रकार. फायदा शून्य, उलट तेच घेणाऱ्यांतले जास्त जण मधेच सोडून गेले. 2023 चं संशोधन तर सांगतं की काही रुग्णांत न आंबलेले हे तंतू स्वतःच सूज वाढवतात.

दाजी यावर इसबगोलचा अभ्यास काढतात. 1999 चा, स्पेनचा, 105 रुग्ण, सगळे आजार शांत असलेले. वर्षभरात इसबगोलवाल्यांत 40 टक्क्यांना आजार उलटला, मेसालामाईनवाल्यांत 35, दोन्ही घेणाऱ्यांत 30. जवळपास बरोबरी, मान्य. पण गोळी दिवसाला फक्त दीड ग्रॅम होती, हे दाजी सांगत नाहीत.

हो, आजार शांत असताना शिजवलेला कांदा, ओट्स थोडे थोडे वाढवून बघायला हरकत नाही, डॉक्टरांना विचारून. क्रोन्समुळे आतडं अरुंद झालं असेल तर चोथा अडकतो, तिथं हेही नको.

मी रात्री इसबगोल घेतो, भरपूर पाण्यातून. मेसालामाईनसोबत. दाजी मुक्कामाला असले की पाकीट त्यांच्यासमोरच फोडतो.