बारा नापास केबल आणि तुमचा मुलगा

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, आठ महिने इमारतींमध्ये नेटवर्क केबलिंग करणाऱ्या कंत्राटदाराकडे काम करतोय. तुम्हाला ते सोडवून त्याला सायबर सिक्युरिटीच्या कोर्सला घालायचंय. 'वायरी ओढायला डिप्लोमा कशाला लागतो?' असं विचारलंत. नातेवाइकांना तो 'नेटवर्क इंजिनिअर' आहे असं सांगितल्याचंही मोकळेपणानं लिहिलंत.

मी अडकलो ते शेवटच्या परिच्छेदात. बारा केबल टेस्टमध्ये नापास झाल्या. साहेबांनी पास झालेल्या एका केबलचा रिपोर्ट नावं बदलून बाराही ठिकाणी लावायला सांगितला. हा ऐकेना, दोन दिवस त्या नापास बारा केबलची टोकं उघडून पुन्हा बसवत राहिला. हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. 'लिंक लागते, नेट चालतं, मग नापास कसलं? उगाच साहेबांशी हुज्जत घालतो, नोकरी घालवून बसेल.'

अहो, त्या दोन दिवसांत त्याला साइटवर साहेबांची बोलणी बसली आणि घरी आल्यावर तुमची. मला त्याच्या मार्कांची अजिबात काळजी वाटत नाही, याची वाटते. मालकानं लबाडी करायला सांगितली आणि बापानं मालकाची बाजू घेतली, असंच त्याच्या मनात राहणार. केबलिंगचे अनेक उत्पादक २०-२५ वर्षांची वॉरंटी देतात, ती याच रिपोर्टांच्या भरवशावर. तुमचा मुलगा ज्याला नाही म्हणाला, तो साधा कागद नव्हता.

आता 'लिंक लागली म्हणजे काम झालं' याबद्दल. हा समज साइटवरच्या जुन्या माणसांमध्येही पक्का बसलेला असतो. केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्यांमध्ये पिळलेल्या. हा पीळच एका जोडीतला सिग्नल शेजारच्या जोडीत जाऊ देत नाही. समजा, कुणी दोन्ही टोकांना तारा सरळ जोडीजोडीनं लावल्या: १-२, ३-४, ५-६, ७-८. स्वस्तातल्या टेस्टरवर आठही दिवे क्रमानं लागतात. सगळे खूश. पण ३ आणि ६ या पिनांवर एकाच जोडीच्या तारा यायला हव्यात, त्या इथे दोन वेगळ्या जोड्यांमधल्या आल्या. सलगता आहे, म्हणजे तार टोकापासून टोकापर्यंत जोडलेली आहे, पण पीळ हरवला. मग वेग कमी होतो, मध्येच एरर येतात आणि सगळे स्विचला, म्हणजे केबल जिथे येऊन जोडतात त्या नेटवर्कच्या यंत्राला, दोष देत बसतात. जॅकजवळ (केबलचं टोक जिथे बसवतात तिथे) पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडायचा नाही, हा नियमही त्याचसाठी आहे. चांगला टेस्टर तारांचा क्रम, लांबी, सिग्नलची घट, जोड्यांमधली गळती, सगळं मोजतो. लिंक 'लागणं' आणि केबल 'पास होणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे तुमच्या मुलाला आठ महिन्यांत कळलंय.

या कामाची मानकं कुणी हौसेनं लिहिलेली नाहीत. टीआयए ५६८ हे अमेरिकन मानक १९९१ मध्ये आलं, आयएसओ/आयईसी ११८०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९५ मध्ये. भिंतीतली पक्की केबल ९० मीटर, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (यंत्राला जोडायच्या छोट्या केबल) धरून १०० मीटर, ही मर्यादा त्यांचीच. कॅट ६ या श्रेणीच्या केबलवर दहा गिगाबिटचा वेग चालवायचा तर फार तर ५५ मीटर. पूर्ण १०० मीटर हवेत तर त्याहून वरची कॅट ६ए. फायबरमध्ये, म्हणजे प्रकाशानं सिग्नल नेणाऱ्या काचेच्या तंतूत, तर चुकीला जागाच नाही. सिंगल-मोड या प्रकारच्या फायबरचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, कनेक्टरच्या तोंडावर बसलेला धुळीचा एक कण त्याला झाकून टाकतो. म्हणून आधी सूक्ष्मदर्शकातून पाहायचं, पुसायचं, पुन्हा पाहायचं आणि मगच जोडायचं. (त्याला एक नक्की सांगा: चालू फायबरच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.)

तुमच्या भीतीत खरा भाग आहे, तो नाकारत नाही. नुसत्या केबल ओढत राहिला तर दहा वर्षांनीही शिडीवरच असेल. म्हणून माझं स्पष्ट मत: काम बदलू नका, कंत्राटदार बदला. जिथे प्रत्येक केबलचा खरा रिपोर्ट ग्राहकाला दिला जातो, अशी जागा त्याला शोधू द्या. येत्या दोन वर्षांत फायबर स्प्लायसिंग (फायबरची टोकं जोडणं), ओटीडीआर (फायबरमधला दोष कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) वाचणं आणि नकाशे-लेबलांचं काम हातात यायला हवं. परीक्षांचं म्हणाल तर बिक्सी या केबलिंग क्षेत्रातल्या संस्थेची इन्स्टॉलर आणि टेक्निशियन, पुढे अनुभव साठला की डिझाइनसाठी तिचीच आरसीडीडी.

सायबर सिक्युरिटी हे क्षेत्र वाईट नाही. पण ती त्याला हवी आहे, असं अख्ख्या पत्रात कुठेही नाही. फी भरली नसेल तर थांबा. पुढचं पत्र त्याला लिहू द्या. त्या बारा केबलमध्ये दोष नेमका कुठे निघाला, तेही लिहायला सांगा; मला वाचायचंय.